मोटर भरली, बिल कोण भरणार?

खोपटच्या एसटी डेपोसमोरून तुम्ही कधी ना कधी गेला असालच. पुण्याला जाणारी ई-शिवनेरी तिथून निघते तेव्हा इंजिनाची घरघर ऐकू येत नाही आणि स्टॉपवरचा एखादा तरी मोबाइल काढून व्हिडिओ घेतो. इलेक्ट्रिक म्हटलं की आपल्या पिढीचे डोळे चमकतात. मीसुद्धा त्यातलीच. मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला ईव्हीवर प्रोजेक्ट केला होता, पीपीटीला बरे मार्कही मिळाले होते.

डेपोवरून सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला वळलं की आमच्या घराच्या वाटेवर मोटर रिवाइंडिंगचं एक दुकान लागतं. एकच शटर, बाहेर काळ्या-निळ्या मोटरींचा ढीग, आत तांब्याच्या तारेची रिळं आणि वॉर्निशचा उग्र वास. शाळेत असल्यापासून मी तिथून नाक दाबून जात आलेय. त्या ढिगातल्या मोटरीही ‘इलेक्ट्रिक’च आहेत, हे या मे महिन्यातल्या एका रात्रीपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात सुपरवायझर आहेत. प्लास्टिकचे सुटे भाग बनवण्याचं जॉबवर्क चालतं. त्या रात्री पावणेअकराला फोन आला, कॉम्प्रेसरची मोटर जळाली. हवा नाही म्हणजे मशिनं बंद. मशिनं बंद म्हणजे सकाळी टेम्पो रिकामा जाणार. बाबांनी शर्ट चढवला, मी स्कूटर काढली. तासाभरात ती दहा एचपीची मोटर दोन जणांनी टेम्पोत टाकून आमच्या गल्लीतल्या त्या दुकानासमोर आणली. रिवाइंडिंगवाले काका बनियनवर खाली आले, टॉर्च मारला, वास घेतला आणि म्हणाले, ‘‘गेली. भरून देतो. परवा सकाळी घेऊन जा.’’

‘मोटर भरणं’ म्हणजे काय, हे मला तेव्हा विचारावं लागलं. जळालेली कॉइल तोडून काढायची, खाचा साफ करायच्या, नव्या तारेचे तेवढेच वेढे घालायचे, वॉर्निश पाजायचं, भट्टीत सुकवायचं. ही मोटर तिसऱ्यांदा भरायला आली होती. काकांनी स्वतःच हसत सांगितलं, जुन्या गिऱ्हाइकाबद्दल सांगावं तसं.

मी पत्रकारितेची विद्यार्थिनी, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड आहे. मी विचारलं, ‘‘बाबा, नवीन का नाही घेत?’’ बाबांचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय. ‘‘शेठ मला विचारणार, मशीन कधी सुरू? मोटरचं बिल आज येतं. विजेचं बिल महिन्यानं येतं आणि त्यावर मोटरचं नाव नसतं.’’

माझं सगळं म्हणणं या उत्तराभोवतीच आहे. तुम्हीही त्यात कुठे बसता ते वाचता वाचता बघा.

आधी थोडं मोटरीबद्दल. उद्योगात जी वीज वापरली जाते त्यातली सुमारे ७० टक्के मोटरी खातात. जगातल्या एकूण विजेपैकीही ४० टक्क्यांहून जास्त वीज पंप, पंखे, कॉम्प्रेसर अशा कुठल्या ना कुठल्या मोटरीतून जाते. आपण घरी ‘लाइट बंद कर, फॅन बंद कर’ यावरून भावंडांशी भांडतो; खरी वीज शेडच्या कोपऱ्यात, तेलकट पत्र्याखाली, दिवसाचे सोळा तास जात असते. ही जी साधी इंडक्शन मोटर आहे तिचं पेटंट टेस्लाला १८८८ मध्ये मिळालं (हो, कारला ज्याचं नाव दिलंय तोच). तत्त्व तेच राहिलं. बदललं ते मोटरमधलं नुकसान. तारेत उष्णता होते, लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यात होते, बेअरिंगमध्ये आणि मागच्या पंख्यात थोडी जाते. तार जास्त घातली, पत्रे पातळ आणि चांगल्या प्रतीचे वापरले, पंखा नीट बनवला की नुकसान कमी होतं. ‘हाय एफिशियन्सी मोटर’ म्हणतात ती एवढीच. त्यात जादू काही नाही, माल जास्त आणि काम नेटकं.

तुम्हाला एसीवरचे आणि फ्रिजवरचे स्टार कळतात. सीलिंग फॅनलाही जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं झालं. मोटरवर स्टारऐवजी ‘आयई’ बघायचं. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात आयई१, आयई२, आयई३ असे वर्ग ठरले, २०१४ मध्ये आयई४ आला. आकडा मोठा तेवढी मोटर चांगली. दहा एचपीची, म्हणजे साडेसात किलोवॅटची, चार पोलची मोटर घ्या. आयई१ असेल तर तिची कार्यक्षमता ८६ टक्के, आयई२ ची ८८.७, आयई३ ची ९०.४, आयई४ ची ९२.६. हे वाचून तुम्ही म्हणाल, चार टक्क्यांनी काय होणारे? मीही तेच म्हटलं होतं.

मग मी बाबांसमोर कॅल्क्युलेटर घेऊन बसले. बाबांच्या मोटरच्या नेमप्लेटवर आयई वगैरे काहीच नव्हतं, म्हणून आयई१ धरली. रोज सोळा तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे ४,८०० तास. लोड पाऊण धरला. सगळे आकार मिळून युनिट नऊ रुपयांना पडतं असं समजू. तर ही एक मोटर वर्षाला साधारण ३१,४०० युनिट खाते. रुपयांत दोन लाख ब्याऐंशी हजार! बाबांनी चष्मा काढून परत घातला. नवीन मोटर तीस-पस्तीस हजारांची धरली, तर तेवढ्या पैशांची वीज ती दीड महिन्यात पिऊन टाकते. मोटर विकत घेताना आपण तिच्या किमतीवर घासाघीस करतो आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तिला जे पाजायचंय त्याकडे बघतच नाही.

त्याच कामाला आयई३ मोटर लावली तर वर्षाला सुमारे १,५०० युनिट वाचतात, म्हणजे पावणेचौदा हजार रुपये. आता भरलेल्या मोटरीचं बघा. भरताना काम गबाळं झालं आणि तिची कार्यक्षमता ८६ वरून ८४ वर आली असं धरा. मग आयई३ च्या तुलनेत वर्षाला पावणेतेवीसशे युनिट जास्त लागतात, वीस हजार रुपयांच्या वर. भरायला सात-आठ हजार, नवीन घ्यायला पस्तीस हजार. मधला फरक सव्वा ते दोन वर्षांत भरून निघतो. त्यानंतर येतो तो नफा. आपल्या देशात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा ही एकच मोटर वर्षाला टन-दीड टनाचा हिशेब आहे. आमच्या कॉलेजात ‘कार्बन फूटप्रिंट’वर पोस्टर स्पर्धा झाली होती, त्यात स्ट्रॉ होते, पिशव्या होत्या, मोटर नव्हती.

मोटर जितकी छोटी तितका फरक मोठा, हे मला नंतर कळलं. एक एचपीच्या मोटरचे आकडे बघा: आयई१ ला ७२.१ टक्के, आयई३ ला ८२.५ टक्के. दहा टक्क्यांची दरी! आमच्यापासून तासाभरावर भिवंडी. तिथे लाखो यंत्रमाग आणि त्यांच्यावर अशाच लहान मोटरी. पूर्ण लोडवर एका मोटरमागे सुमारे १३० वॅट नुसते उष्णतेत जातात, म्हणजे प्रत्येक मागाशेजारी दोन जुने पंखे कुणासाठीच फिरत नाहीयेत असं समजा. उलट शेड आणखी तापते आणि तिथं उभा राहणारा कामगार आणखी घामेघूम होतो. राज्य सरकार यंत्रमागांना वीजदरात सवलत देतं. ती हवीच, कारण तो धंदा आधीच तंगीत चालतो. पण सवलतीचे काही पैसे स्टेटर तापवण्यात जात असतील तर त्यातला थोडा भाग मोटरच बदलायला का देऊ नये? वीज स्वस्त केली की मोटर बदलायची घाईही कमी होते, ही त्यातली अडचण आहे.

आता कायद्याचं. अमेरिकेनं १९९२ मध्ये कायदा केला आणि १९९७ पासून नव्या मोटरींना किमान कार्यक्षमता लागू केली. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. युरोपात जुलै २०२१ पासून पाऊण ते हजार किलोवॅटच्या बहुतेक मोटरींना किमान आयई३ आणि जुलै २०२३ पासून ७५ ते २०० किलोवॅटला आयई४ सक्तीचं आहे. आपल्याकडे २०१७ च्या आदेशानं किमान पातळी आयई२ केली. चांगली मोटर बनवायचं ज्ञान आपल्याकडे नाही असंही नाही. खाडीपलीकडे ऐरोलीला भारत बिजलीचा कारखाना आहे, नगरला सीजीचा. ठाण्यातून ऐरोलीला जाताना तुम्ही त्या पाटीवरून कितीदा गेला असाल!

पण हे सगळे नियम नव्या मोटरीला लागू. आमच्या गल्लीतल्या दुकानात तिसऱ्यांदा भरली जाणारी मोटर त्यांच्या जाळ्यात येतच नाही. ती कधीच ‘नवीन’ होत नाही, म्हणून कुठल्याच नियमात बसत नाही. मोठ्या सिमेंट-स्टील कारखान्यांना २०१२ पासून ‘पॅट’ योजनेखाली ऊर्जाबचतीचं लक्ष्य ठरवून दिलं जाऊ लागलं. त्यांच्याकडे एनर्जी मॅनेजर असतो, ऑडिट होतं. बाबांच्या गाळ्याकडे कोण आहे? बाबा. आणि त्यांना टेम्पो भरायचाय.

योजना नाहीत असंही नाही. जुलै २०२५ मध्ये बीईईनं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं, छोट्या उद्योगांनी वीज वाचवणारी यंत्रं घ्यावीत म्हणून कर्जाच्या व्याजावर सवलतीची योजना काढली. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना ५ टक्के, मध्यमांना ३. चांगलंच आहे. पण रात्री पावणेअकराला मोटर जळाल्यावर पस्तीस हजारांसाठी कर्जाचा प्रस्ताव कोण टाइप करणार? ईईएसएल या सरकारी कंपनीनं एलईडी बल्बचं केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. घाऊक खरेदीमुळे २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत चाळीसच्या आत आला आणि आईनं घरातले सगळे बल्ब एका रविवारी बदलून टाकले. याच धर्तीवर ईईएसएलनं आयई३ मोटरींचाही राष्ट्रीय कार्यक्रम आखला. पण बल्ब आई स्टुलावर चढून बदलते. मोटर अशी बदलत नाही. तिचे पाय कुठे बसतात, शाफ्ट केवढा, पुली कुठली, सगळं जुळावं लागतं. आणि ती नेमकी जळते तेव्हा दुकानं बंद असतात, रिवाइंडिंगवाल्याचं सोडून.

म्हणून मला वाटतं की आपण चुकीच्या माणसाला पटवतोय. पोस्टरं, वेबिनार, पुरस्कार हे सगळं मालकांसाठी चालतं. निर्णय मात्र होतो रिवाइंडिंगच्या दुकानाच्या पायरीवर. तिथं शेठ नसतो, इंजिनीअर नसतो. एक घाईतला सुपरवायझर असतो आणि एक काका असतात. त्या काकांच्या हातात जे आहे तेच पुढची पाच वर्षं फिरणार.

हे मी काकांना बोलून दाखवलं तेव्हा ते चिडले. मला वाटलं होतं खूश होतील. म्हणाले, ‘‘म्हणजे सगळ्यांनी नवीनच घ्यायची आणि आम्ही काय भेळ विकायची?’’ खरं सांगू, माझ्याकडे उत्तर नव्हतं. ईव्हीच्या प्रोजेक्टमध्ये मी ‘जुन्या तंत्रज्ञानाचा अस्त’ अशी स्लाइड केली होती. त्या स्लाइडमध्ये बनियनवर रात्री खाली येणारा माणूस नव्हता. काकांकडे दोन मुलं कामाला आहेत. एकानं आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलंय, दुसरा गावाहून आला आणि बघून बघून शिकला. वेढे मोजताना त्याची बोटं बघितली तर तुम्हीही गप्प व्हाल. शिवाय मोटरीचं लोखंडी अंग शंभर वर्षांची वस्तू असल्यासारखं टिकतं. नुसती कॉइल जळाली म्हणून सगळी भंगारात टाकणं हाही माजच म्हणायचा.

त्यामुळे मी वाचत गेले तेव्हा एक गोष्ट सापडली आणि मला बरं वाटलं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मोटर दुरुस्ती करणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून भरलेल्या मोटरींच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. निष्कर्ष असा की काम नीट पद्धतीनं केलं तर मोटरची कार्यक्षमता टिकते. बिघडते ती कशानं? जुनी कॉइल सोडवायला गॅसचा बर्नर थेट गाभ्यावर मारला की पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं. मग पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे वागतात, गाभ्यात नको तो प्रवाह फिरतो आणि मोटर नुसती उभी तापते. किंवा हातात असलेली बारीक गेजची तार घातली, वेढे दोन कमी-जास्त झाले. काकांना हे सगळं माहीत होतं. ‘‘भट्टीला तापमानाचा कंट्रोल लावायला पैसे लागतात. गिऱ्हाईक विचारतं, किती घेणार आणि कधी देणार. नीट भरली का, असं तिसरं कुणी विचारत नाही.’’

मला वाटतं तिसरा प्रश्न विचारायला लावणं हेच करण्यासारखं काम आहे. दुकानांनी भरायच्या आधी आणि नंतर मोटर रिकामी फिरवून वॅट मोजावेत आणि चिठ्ठीवर लिहून द्यावेत. यासाठी कुठली मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मीटर लागतो आणि सवय लागते. तुम्ही ब्लड रिपोर्ट न बघता डॉक्टरकडून उठता का? वागळेत लघुउद्योजकांची ‘टिसा’ संघटना आहे, डोंबिवलीत ‘कामा’ आहे, राज्यात महाऊर्जा आहे. या तिघांनी मिळून ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या रिवाइंडिंगवाल्यांना तापमान ठेवणारी भट्टी आणि मीटर घ्यायला मदत केली, आठ दिवसांचं प्रशिक्षण दिलं, तर कितीतरी गाळ्यांची वीज एकाच ठिकाणी वाचेल. कारण गाळे शेकडो आहेत, दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

दुसरं, इस्टेटीतच नव्या मोटरींचा छोटा साठा ठेवता येईल. तीन, पाच, साडेसात, दहा एचपीच्या दोन-दोन मोटरी. जळाली की रात्रीच बदलून घ्यायची, पैसे हप्त्यानं. आणि तो साठा या काकांकडेच ठेवावा. बसवायचं काम, पुली जुळवायचं काम, विकण्यातलं कमिशन त्यांचं. एक अट मात्र हवी: परत आलेली जुनी आयई१ भंगारातच जाईल. नाहीतर ती जुन्या बाजारातून दुसऱ्या गाळ्यात पोहोचते आणि तीच वीज दुसऱ्याच्या मीटरवर जळते. आपण मात्र ‘बचत झाली’ म्हणून टाळ्या वाजवतो.

थोडं थांबून एक गंमत सांगते, कारण नुसतं ‘बदला, बदला’ म्हणणंही धोक्याचं आहे. चांगली मोटर किंचित जास्त वेगानं फिरते. जुनी मिनिटाला १,४४० फेरे मारत असेल तर नवी १,४६० मारेल. वीस फेऱ्यांनी काय होतं? पंप आणि ब्लोअरला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते, म्हणून तिथं चार टक्क्यांच्या वर जास्त वीज लागते. म्हणजे मोटरनं वाचवलेलं जवळपास सगळं पंप खाऊन टाकतो! पुलीचं माप बदललं की प्रश्न मिटतो, पण ते सांगायला माणूस हवा. हाच घनाचा हिशेब उलटाही चालतो: ब्लोअरचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी लागते. त्यासाठी ड्राइव्ह लावतात. काही ठिकाणी मोटर बदलण्यापेक्षा ड्राइव्ह लावणं शहाणपणाचं, काही ठिकाणी नुसती हवेची गळती बंद करणं. बाबांच्या गाळ्यात जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं बंद असताना मी उभी राहिले तेव्हा पाइपातून ‘फुस्स’ असा आवाज स्पष्ट येत होता. जिथे काम नाही तिथेही कॉम्प्रेसर मधूनमधून सुरू होत होता. या गळतीला आयई४ मोटरही काही करू शकत नाही.

आणि तास बघा, नेहमी तास बघा. तुमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप दिवसाला दोन तास चालतो. तो जळला तर खुशाल भरून घ्या, चांगला भरून घ्या. नवीन आयई४ साठी मेंटेनन्स वाढवायची गरज नाही. सोळा-वीस तास चालणाऱ्या मोटरीची गोष्ट वेगळी. या पानावर असं लिहिणं थोडं विचित्र वाटतं, पण प्रत्येक ठिकाणी ‘ग्रीन’ वस्तू विकत घेणं म्हणजेच बचत, हा आपल्या पिढीचा गैरसमज आहे. मी तो ईव्हीच्या प्रोजेक्टमध्ये उराशी धरून होते.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? तुमच्यापैकी कुणी इंजिनीअरिंगला असेल. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली बसमध्ये अंताक्षरी खेळत लोणावळ्याला जाण्याऐवजी वागळेत या. टंग टेस्टर लावून पाच मोटरींचा करंट मोजा, नेमप्लेटचे फोटो घ्या, किती मोटरींवर नेमप्लेटच शिल्लक नाही ते मोजा. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत ज्यांचे आई-बाबा, मामा-काका गाळ्यात कामाला आहेत अशी घरं काही कमी नाहीत. वागळेतल्या कितीतरी कंपन्या जाऊन तिथे काचेच्या इमारती आल्या. त्या इमारतींच्या मागच्या रस्त्यांवर उरलेले गाळे कसेबसे तग धरून आहेत. त्यांचं विजेचं बिल वर गेलं की पहिल्यांदा कामगाराचा ओव्हरटाइम कमी होतो. आमच्या घरी तो कमी झालेला मी बघितलाय, म्हणून हा विषय माझ्यासाठी पीपीटीचा राहिला नाही.

आता त्या मोटरचं काय झालं ते. हिशेब मांडून मी बाबांना पटवलं, बाबांनी शेठना फोन केला. शेठ म्हणाले, पटतंय, पण आत्ता भरूनच आणा, ऑर्डर अडकलीय. तिसऱ्यांदा भरलेली मोटर परवा सकाळी ठरल्याप्रमाणे गेली. फक्त या वेळी काकांनी बर्नर न वापरता भट्टीत सावकाश कॉइल सोडवली, मूळ गेजचीच तार घातली आणि माझ्या हट्टापायी नंतरचे वॅट एका चिठ्ठीवर लिहून दिले. आधीचे माहीत नव्हते, जळालेल्या मोटरीचे कुठून असणार? बाबांनी ती चिठ्ठी मोटरच्या टर्मिनल बॉक्सच्या झाकणाआत चिकटवली. पुढच्या वेळी मोजायला सुरुवात तिथून होईल. शेठनी आयई३ चं कोटेशन मागवलंय, पुढच्या वेळेसाठी. पुढची वेळ कधी येईल ते मोटरच ठरवेल.

काकांना मी एका पुठ्ठ्यावर तक्ता करून दिला. एका बाजूला एचपी, वर रोजचे तास, आत ‘भरा’ किंवा ‘बदला’. त्यांनी तो आधी गल्ल्याखाली ठेवला होता. गेल्या रविवारी दूध आणायला गेले तर तो रिळांच्या वर खिळ्याला लटकत होता आणि समोर आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी पंपाची मोटर घेऊन उभे होते, कुठल्या कंपनीची नवीन घ्यावी असं विचारत. काकांनी बोट तक्त्यावरून फिरवलं. ‘‘दोन तास चालते ना तुमची? मग भरूनच घ्या. पण दोन दिवस लागतील, घाई करू नका.’’